बोरकरबाईंची अट

बोरकरबाई गेल्याचं मला आमच्या हॉस्पिटलातल्या झरना नर्सने फोनवर सांगितलं. "भाऊ, बाई गेल्या. नागभीडला, घरीच. सकाळचा चहा घेतला, पलंगावर टेकल्या आणि गेल्या," ती म्हणाली. त्याला आता काही महिने झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. बाईंवर दोन पानं लिहायला बसलो की पहिल्या ओळीनंतर खिडकीबाहेर बघत राहतो. पण दुःख फार होतं असं नाही. बाई आठवल्या की बहुतेक वेळा मला हसूच येतं.

मुलचेऱ्याहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेचं लहानसं हॉस्पिटल आहे. मी तिथे औषधांच्या खिडकीमागे नोकरी केली आणि बोरकरबाई तिथे मुख्य परिचारिका होत्या. येणारे पेशंट बरेचसे गोंड. त्यांच्या खालोखाल आसपासच्या बंगाली गावांतले, ज्यांच्या आजी-आजोबांना निर्वासित म्हणून सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं. शिवाय थोडे तेलुगू बोलणारे आणि थोडे आपले मराठी शेतकरी.

बाई बुटक्या होत्या. पेशंटशी त्या कधी उभ्याने बोलत नसत. खाटेच्या कडेला, नाहीतर खाली फरशीवर, पण आधी बसायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. "उभ्यानं बोललं का मानसाले वाटते, ही बाई चालली. मग तो अर्धंच सांगते," असं त्यांचं म्हणणं. नर्सच्या कोटाच्या खिशात भाजलेले जवस असायचे. विचार करायची वेळ आली की चिमूटभर तळहातावर घेऊन एकेक दाणा चावत बसायच्या. ते संपेपर्यंत त्यांच्याकडून उत्तर मिळत नसे. मी त्यांना वाचायला पुस्तकं द्यायचो. त्या ती नेमाने वाचून परत करायच्या आणि अभिप्राय बहुधा एकच द्यायच्या, "बुक चांगलं हाय भाऊ, पन यातले मानसं लय बोलतात."

त्यांचं माहेर नागभीडकडचं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांच्या मुलखातलं. घरातल्या पहिल्या शिकलेल्या बाई त्याच. नर्सिंग करून त्या तरुणपणी एका मोठ्या शहरात, मोठ्या खासगी दवाखान्यात मुलाखतीला गेल्या होत्या. इंजेक्शन, ड्रेसिंग, सगळं विचारून झालं, सगळं आलं. शेवटी तिथल्या मेट्रन म्हणाल्या, "काम येतं तुला, पण अशी बोललीस तर आमच्या पेशंटना कसं वाटेल? आधी भाषा सुधार." बाई हा प्रसंग सांगताना त्या मेट्रनची नक्कल फार छान करायच्या, मान किंचित तिरपी करून. राग नव्हता त्यात. म्हणायच्या, "मी मनलं, मॅडम, पोट तर माझ्याच भाषेत दुखते ना?" हे त्या खरंच म्हणाल्या होत्या की नंतर घरी येऊन सुचलं, ते मी कधी विचारलं नाही.

आणि याच बाईंनी आमच्या हॉस्पिटलच्या जाहिरातीत अट घातली होती. परिचारिका पदासाठी गोंडी बोलता येणे आवश्यक.

त्यामागे एक प्रसंग होता. एका गोंड म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी नवीन नर्सने त्याला मराठीत सांगितलं, आता काही खायचं नाही. म्हाताऱ्याला कळलं ते इतकंच, की इथे आपल्याला जेवायला देणार नाहीत. पाहुण्याला जेवण नाकारणाऱ्या घरात कोण थांबेल? काठी घेतली आणि निघाला गावाकडे. बाई जीपमध्ये बसून त्याच्या मागे गेल्या. त्याच्या अंगणात बसून त्यांनी आधी त्याच्याकडची आंबील प्यायली, मग गोंडीत विषय काढला. म्हातारा परत आला, ऑपरेशनही नीट झालं. पण जीपमधून उतरल्या उतरल्या बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, यापुढे गोंडी न येनारी पोट्टी मले वॉर्डात नको."

चंद्रपूरहून येणाऱ्या एका विश्वस्तांना ही अट मान्य नव्हती. वकिली केलेले गृहस्थ, स्वभावाने चांगले. एका बैठकीत मी हिशेबाचे कागद घेऊन हजर होतो तेव्हाचं बोलणं मला आठवतं.

"बाई, उद्या कुणी कोर्टात गेलं तर? घटनेनं सगळ्यांना समान संधी दिलीय."

"घटना आमच्या घरी देवाच्या जागी हाय साहेब," बाई म्हणाल्या. "मी रोज हात जोडते तिले."

"मग? तुम्हाला स्वतःला भाषेवरून नाकारलं होतं ना? तुम्हीच सांगता सगळ्यांना."

बाईंनी खिशात हात घातला. जवस चावून होईपर्यंत विश्वस्त थांबले, त्यांनाही सवय झाली होती.

"त्याईनं मले नाई मनलं ते त्याईच्या कानाले बरं वाटत नव्हतं म्हनून. माझं बोलनं तिथं सगळ्याले समजत होतं. मी पोरीले नाई मनते ते पेशंटले समजत नाई म्हनून. दिसाले दोन्ही सारखंच दिसते, तुमची चूक नाई. पन एकात मालकाची हौस हाय, एकात पेशंटचा जीव."

विश्वस्तांनी चहा मागवला. अट राहिली.

बाईंची मुलाखत घेण्याची पद्धतही त्यांचीच. हॉस्पिटलच्या मागे एक लांबट टिनाची शेड आहे. पेशंटसोबत आलेले नातेवाईक तिथे चुली मांडून स्वयंपाक करतात. आम्ही तिला रांधणी म्हणायचो. प्रमाणपत्रं बघून झाली की बाई मुलीला रांधणीत पाठवायच्या. तिने एका कुटुंबाजवळ बसायचं, पेशंटला काय होतंय, केव्हापासून, आधी काय उपाय केले, घरी मागे कोण आहे, हे सगळं विचारून यायचं. नंतर बाई स्वतः जाऊन तेच विचारायच्या आणि ताडून बघायच्या.

शेवटी त्या नातेवाइकालाच विचारायचं, ही पोरगी चालेल का? पहिल्या वर्षी सगळ्या मुली पास झाल्या. तीन वाक्यं जेमतेम बोलणारीसुद्धा पास. समोर येऊन बसलेल्या परक्या पोरीला कुठला गोंड माणूस वाईट म्हणणार? सगळे म्हणायचे, चांगली आहे. हे ध्यानात आल्यावर बाईंनी प्रश्न बदलला. "तुझ्या सुनेचं बाळंतपन हिच्या हाती देशील काय?" तिथे मात्र सभ्यपणा पुरत नसे. माणूस चुलीतलं लाकूड पुढे सारायचा आणि म्हणायचा, आमच्या गावात सुईण आहे. ते उत्तर आलं की बाई त्या मुलीला चहा पाजून, बसभाडं देऊन पाठवायच्या. उत्तम गुण मिळवलेल्या मुली अशा परत गेल्या. एकीचे वडील माझ्या खिडकीशी येऊन तावातावाने बोलले होते. त्यांचं ऐकताना मला त्यांचीही बाजू पटत होती. बाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मले पन पटते भाऊ. म्हनून तर चहा पाजते."

झरना मंडल आली ती उन्हाळ्यात. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातली. वडील तलावात मासे धरायचे, ते गेले होते. आई अर्धांगवायूने अंथरुणाला. झरनाला लांबची नोकरी मिळत होती, पण आईला सोडून जाता येत नव्हतं. सायकलने घरी जाता येईल असं हॉस्पिटल या भागात एकच, आमचं. हे सगळं तिने अर्जात लिहिलं होतं. मुलाखतीला डॉक्टर आणि बाई बसले होते. औषधांच्या साठ्याचं एक काम म्हणून मीही कोपऱ्यात होतो.

"गोंडी?" बाईंनी विचारलं.

"नाई येत."

"जाहिरात वाचली होती ना वो?"

"वाचली."

"मंग आली काऊन?"

"नोकरी पाहिजे म्हणून."

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांना उत्तर आवडलेलं दिसलं. "बाई, मी मनापासून सेवा करीन, भाषा येत नसली तरी मायेनं..." असं झरना बोलायला लागली तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला.

"माया ठेव आपल्याजवळ. कामाची हाय, पन मायेनं गोळीचा डोस सांगता येत नाई. मले वाईट वाटते पोरी, पन तुले घेता येत नाई."

झरना उठली. कागद गोळा केले. दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाले बंगाली येते काय?"

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"नाई येत."

"आमच्या गावच्या बाया येतात इथी. त्या तुम्हाले कसं सांगतात मग?"

"हिंदीत सांगतात की."

"हिंदीत तेवढंच सांगतात, जेवढं हिंदीत येते," झरना म्हणाली. "बाकीचं घरी येऊन माझ्या आईले सांगतात."

बाईंचा हात खिशात गेला. या वेळी जवस फार वेळ पुरले. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण बाईच म्हणाल्या, "साहेब, या पोट्टीनं बराबर नाडी धरली." मग झरनाकडे वळून म्हणाल्या, "बस खाली. धान कापाले येईपर्यंत तू गोंडी शिक, मी बंगाली शिकते. त्या वक्ती दोघींची परीक्षा, रांधणीत. तू नापास झाली तर इथी पुन्हा अर्ज करायचा नाई. मी नापास झाली तर मी खुर्ची सोडते."

बाईंचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं आणि संस्था दरवर्षी त्यांना मुदत वाढवून देत होती. डॉक्टर घाबरून म्हणाले, "बाई, असं काही करू नका. तुमच्याशिवाय वॉर्ड कसा चालेल?"

"अट मी घातली ना? मंग माझ्यासाठी येगळी काऊन?"

ती जागा रिकामी ठेवली गेली. तिचं काम बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं. झरनाला हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून ठेवलं आणि जवळच्या टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या पाड्यावर, राहणाऱ्या आमच्या आयाबाई, कोवेबाई, यांच्याकडे तिची दुपारची शिकवणी लागली. शिकवणी म्हणजे मोहाची फुलं वेचणं, पाणी भरणं, कोवेबाईंच्या जावा-नणंदांमध्ये बसणं. सुरुवातीला सगळ्या तिच्यावर हसायच्या. तीही हसायची आणि पुन्हा विचारायची. संध्याकाळी सायकल दामटत आईकडे.

बाईंचे धडे माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर चालायचे. जेवणाच्या सुट्टीत बाई गॉजच्या घड्या घालायच्या आणि झरना समोर बसायची.

"कोथाय बेथा?" झरना म्हणायची. कुठे दुखतं?

"कोथाय बेथा," बाई.

"असं रागावून नाई बाई. पेशंट पळून जाईल."

"अवो, माझा आवाजच असा हाय. मराठीत तरी कोन घाबरते?"

"सगळे," मी खिडकीतून म्हणायचो.

"तुमी गोळ्या मोजा भाऊ."

बाईंनी शिकताना जीव लावला. कधीपासून, कितीदा, ताप येतो का, भूक लागते का, पाळी कधी आली, सगळे प्रश्न त्यांनी पाठ केले. वॉर्डात फिरताना पुटपुटत असायच्या. बंगाली बायका त्यांना आपल्या भाषेत विचारताना ऐकून खूश व्हायच्या आणि घरून भाजलेला मासा घेऊन यायच्या. बाईंचं वजन वाढलं. मला वाटलं, परीक्षा म्हणजे आता नुसती औपचारिकता राहिलीय.

धान पिवळं पडलं आणि तो दिवस आला. आधी झरना. चुलीशी मडावी नावाचा एक म्हातारा बसला होता, नातवाला न्यूमोनिया झाला होता. झरनाने हात जोडून जोहार केला आणि ती खाली बसली. आम्ही लांबून बघत होतो. ती एक गोष्ट विचारायची, म्हातारा बोलायचा, ती हात करून थांबवायची, पुन्हा विचारायची. कधी हाताने दाखवायची, हे की ते? म्हातारा वैतागला, मग त्याला गंमत वाटू लागली. फार वेळ लागला. ती परत आली तेव्हा तिने सांगितलेलं सगळं बरोबर निघालं. बाई म्हाताऱ्याजवळ गेल्या आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हाताऱ्याने लाकूड पुढे सारलं नाही. तो गोंडीत जे म्हणाला ते बाईंनी आम्हाला मराठीत सांगितलं, "मनते, पोरगी बोलते लंगडं, पन समजल्याबिगर सोडत नाई. देईन मनते सून हिच्या हाती."

झरनाने ओढणीने तोंड झाकलं. कोवेबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला.

मग बाईंची पाळी. दुसऱ्या चुलीजवळ एक बंगाली म्हातारी होती. सगळे तिला माशी, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणत. तिची सून पोटाच्या दुखण्याने भरती होती. ताडून बघायचं म्हणून झरना माशीच्या पाठीमागे, ऐकू येईल अशी उभी होती. बाई जाऊन बसल्या आणि "कोथाय बेथा" पासून सगळे प्रश्न त्यांनी न अडखळता विचारले. माशीला बोलणारं माणूस भेटलं. तिने मोकळेपणाने, हातवारे करत, मध्येच आवाज खाली आणून, मध्येच वॉर्डाकडे बोट दाखवत सांगायला सुरुवात केली. बाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. हॅं, हॅं, म्हणजे हो, हो, म्हणत होत्या.

परत येऊन बाई म्हणाल्या, "दुखनं तीन दिवसाचं हाय. जेवन कमी झालं. बाकी काई नाई."

डॉक्टर म्हणाले, "झरना, बरोबर आहे?"

"बाई विचारतात बराबर," ती हळूच म्हणाली.

"माही लाज राखू नोको," बाई म्हणाल्या. "बोल."

"माशी म्हणाली, सुनेनं बाजारातल्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. पोट पाडायच्या. माशीशिवाय घरात कोणाले माहीत नाई. माशीनं तुम्हाले एकट्यालेच सांगितलं, कोणाले सांगू नका म्हणाली. तुम्ही हो म्हणाल्या."

डॉक्टर तिथूनच वॉर्डाकडे धावले. सुनेवर वेळेत उपचार झाले, तिला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाईही डॉक्टरांच्या मागे गेल्या होत्या. तास-दीड तासाने त्या रांधणीत परत आल्या आणि माशीसमोर बसल्या. झरनाला म्हणाल्या, "तिले विचार, मी पास का नापास."

झरनाने सांगण्याआधीच माशीला ते कळलं. "फेल," ती म्हणाली. मग बाईंचा हात हातात घेऊन, जरा मायेनं, "एकदम फेल."

बाई इतक्या हसल्या की चुलीजवळचे सगळे बघायला लागले. डोळे पुसत मला म्हणाल्या, "पाहा भाऊ, अट बराबरच होती. मीच बसली नाई तिच्यात. मी विचाराले शिकली, आयकाले नाई शिकली."

डॉक्टरांनी विनवलं. चंद्रपूरचे विश्वस्त मुद्दाम गाडी करून आले आणि म्हणाले, बाई, ही अट कायद्यात कुठेच नाही, तुम्ही स्वतःहून घातलेली आहे, ती तुम्हीच मागे घेऊ शकता. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमी मले म्हनत होते ना, ही अट अन्यायाची हाय? ज्या दिवशी मी तिच्यातून सुटीन, त्या दिवशी ती अन्यायाची होईन." त्या माणसाने बाईंना नमस्कार केला. पुढच्या जाहिरातीत गोंडी किंवा बंगाली अशी दुरुस्ती झाली, आणि दुसरी भाषा वर्षभरात शिकावी लागेल अशी एक ओळ. ती ओळ बाईंनीच सांगितली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या महिन्याच्या अखेरीला. नंतर फोन व्हायचे, पण जायचं राहून गेलं. नागभीडला जाण्यासाठी त्या पहिली गाडी धरणार होत्या आणि ती सकाळची एसटी हॉस्पिटलच्या फाटकाशीच थांबते. एक बॅग, एक बादली, मी दिलेली पुस्तकांची पिशवी. झरना नव्या गणवेशात होती. कोवेबाई रडत होत्या आणि बाई त्यांना रागावत होत्या. तेवढ्यात माशी आली. सुनेला बरं वाटल्याने ती त्या दिवशी घरी जाणार होती. तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागली. बरंच मोठं काहीतरी होतं. झरना मराठीत सांगायला पुढे झाली, तर बाईंनी तिला हाताने मागे सारलं आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. माशीही बसली.

गाडी आली, कंडक्टरने घंटी वाजवली. "चला बाई, टाइम झाला!"

"थांब गा लेका," बाई मान न वळवता म्हणाल्या.

गाडी थांबली. आतले लोक खिडक्यांतून बघत होते. माशी बोलली, बाईंनी काही विचारलं, माशी पुन्हा बोलली. मग बाई उठल्या आणि गाडीत चढल्या. मी खिडकीपाशी जाऊन पिशवी आत दिली आणि विचारलं, "काय म्हणत होती?"

"अर्धंच समजलं भाऊ," बाई म्हणाल्या. चेहरा अगदी प्रसन्न होता. "पन या बारी मी हो नाई मनलं. आबार बोलो मनलं. पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं."

गाडी सुटली. त्या मागे वळून माशीकडे बघत होत्या आणि माशी रस्त्यावर उभी राहून, गाडीमागे हात करत, अजून काहीतरी सांगतच होती.